गच्चीवरच्या उन्हाचा हिशेब

सोलर बसवणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: एक किलोवॉटला दिवसाला चार युनिट. तीन किलोवॉट बसवले की बारा, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. महाराष्ट्रापुरता हा ठोकताळा वाईट नाही. पण एकाच गल्लीतल्या दोन गच्च्यांवर तेच पॅनेल आणि तोच इन्व्हर्टर बसवला, तरी वर्षाकाठी पाचशे युनिटांचा फरक सहज पडू शकतो. एका गच्चीवर पाण्याची टाकी दक्षिणेला असते, दुसरीवर उत्तरेला. एका घराशेजारी नारळ असतो. कोणी पॅनेल उंच लोखंडी सांगाड्यावर चढवलेले असतात, कोणी पत्र्याला चिकटवून टाकलेले असतात. ठोकताळ्यात यातलं काहीच येत नाही. ते सगळं हिशेबात यावं म्हणून सौर प्रकल्पाची सॉफ्टवेअरं तयार झाली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाली. तीन किलोवॉटच्या घरगुती प्रकल्पाला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं आणि गच्चीवरचं सोलर मध्यमवर्गीय घरांत जेवणाच्या टेबलावरच्या चर्चेत आलं. त्यासोबत अनेकांच्या हातात एक छापील रिपोर्ट पडू लागला. त्यात रंगीत आलेख असतात, बारा महिन्यांचा तक्ता असतो आणि शेवटी वर्षाच्या युनिटांचा एक मोठा आकडा असतो. बहुतेक जण तेवढा आकडा पाहून रिपोर्ट मिटतात. माझ्या मते त्या आकड्याच्या आधीची पानं जास्त मोलाची आहेत. ती वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. आकडा कसा तयार होतो एवढं समजलं तरी पुरतं.

वर्षाचे तास ८,७६०. सॉफ्टवेअर प्रत्येक तासाला त्याच प्रश्नांची मालिका सोडवतं. सूर्य आत्ता आकाशात कुठे आहे? जमिनीपर्यंत किती ऊन पोचतंय, त्यातलं थेट किती आणि ढगांतून, धुळीतून विखुरलेलं किती? तिरक्या पॅनेलवर त्यातलं किती पडेल? सावली कुठे आहे? पॅनेल किती तापलंय? त्या तापमानाला ते किती वीज देईल, वायरीत किती जाईल, इन्व्हर्टर किती खाईल? तास संपला की पुढचा तास. अशी साखळी वर्षभर चालते आणि सगळ्या तासांची बेरीज म्हणजे तो शेवटचा आकडा. संगणकाला हे काम काही क्षणांचं असतं. साखळीतली एखादी कडी खोटी भरली, तर तितक्याच क्षणांत तो खोटं उत्तरही दोन दशांश स्थळांपर्यंत नेमकं काढून देतो.

यातली पहिली कडी सर्वांत भरवशाची. सूर्य कुठे असेल हे माणसाला फार पूर्वीपासून मोजता येतं. अमेरिकेच्या एनआरईएल या ऊर्जा प्रयोगशाळेतल्या इब्राहिम रेडा आणि अफशिन अँड्रियास यांनी मांडलेली गणनपद्धत इसवी सनापूर्वी २००० पासून इसवी सन ६००० पर्यंत कोणत्याही क्षणीचं सूर्याचं स्थान ०.०००३ अंशापर्यंत अचूक सांगते. चूक होते ती घड्याळात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे, पुणे ७३.८५ वर. त्यामुळे पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात. फेब्रुवारीत ही वेळ पावणेएकच्याही पुढे सरकते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या जवळ येते. हवामानाच्या फाइलमधली वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकलेली असली, तर सॉफ्टवेअर सकाळचं ऊन कमी आणि दुपारचं जास्त धरतं. पूर्वेला झाड असलेल्या गच्चीचा सगळा हिशेब मग बिघडतो. चांगलं सॉफ्टवेअर सकाळ आणि दुपार ताडून पाहून अशी सरकलेली वेळ स्वतःच दाखवून देतं, पण तो इशारा कोणीतरी वाचायला हवा.

सूर्याच्या बाबतीत आपल्याकडची एक गोष्ट युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत सापडत नाही. शून्य सावलीचा दिवस शाळकरी मुलांनाही माहीत असतो. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जूनमध्ये तो उगवतोही पूर्वेच्या पंचवीस अंश उत्तरेला. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी सावल्या दक्षिणेकडे झुकतात. ‘जिन्याची खोली उत्तरेला आहे, तिची सावली पॅनेलवर येणार नाही’ असं बिनधास्त सांगितलं जातं. जर्मनीत ते जवळपास खरं ठरेल. सांगलीत किंवा नाशकात मात्र ती खोली पॅनेलला खेटून असेल, तर मे-जूनच्या सकाळी तिची सावली पॅनेलवर पडणारच. सॉफ्टवेअरला हे ठाऊक असतं, पण त्यासाठी ती खोली कोणीतरी आराखड्यात काढलेली असली पाहिजे.

दुसरी कडी उन्हाची, आणि इथे थोडं थांबायला हवं. कारण या कडीमागे एका बाईने पुण्यात घालवलेल्या वर्षांचे कष्ट आहेत.

आकाशात सूर्य कुठे आहे ते गणिताने कळतं. जमिनीवर किती ऊन पोचतं ते मोजावंच लागतं. त्यासाठीचं उपकरण म्हणजे पायरॅनोमीटर. काचेच्या छोट्या घुमटाखाली काळी चकती असते, ती उन्हाने तापते आणि त्या तापण्यातून उमटणारा सूक्ष्म विद्युतदाब नोंदला जातो. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात हवामानाची साधी उपकरणंसुद्धा परदेशातून येत. १९४८ मध्ये अण्णा मणी हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात रुजू झाल्या. जन्म १९१८ चा, केरळातल्या पीरमेडचा. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशगुणांवर काम केलं होतं आणि नंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास केला होता. पुण्यात त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाटनं तयार करवून घेतली आणि ती इथल्याच कार्यशाळेत बनू लागली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. उपकरण खोटं मोजत असेल तर ते न मोजलेलंच बरं, अशा कडक शिस्तीने ते जाळं चाललं.

त्या मोजण्यांमधून १९८० मध्ये भारताच्या सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा जाडजूड हस्तग्रंथ निघाला. त्यानंतर एस. रंगराजन यांच्यासोबतचा दुसरा ग्रंथ आला. भारतात सौरऊर्जेवर काम करणाऱ्या एका पिढीने या दोन पुस्तकांतल्या तक्त्यांवर हिशेब केले. तेव्हा गच्चीवर सोलर बसवणं सामान्य माणसाच्या कल्पनेतही नव्हतं. २००१ मध्ये त्या गेल्या. आज कोथरूडमधला एखादा तरुण लॅपटॉपवर ‘पुणे’ टाइप करून हवामानाची फाइल उतरवून घेतो, तेव्हा त्या फाइलमागे उपग्रह असतात आणि उपग्रहांना खरं-खोटं दाखवणारी जमिनीवरची केंद्रंही असतात. भारतात ही केंद्रं मांडण्याचं काम अण्णा मणींनी सुरू केलं. सौर प्रकल्प शिकवणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमात त्यांचं नाव पहिल्या धड्यात यायला हवं.

पुढे हे जाळं वाढलं. २०११ मध्ये चेन्नईच्या पवनऊर्जा संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने, सौर प्रारण मोजणारी ५१ स्वयंचलित केंद्रं उभारली आणि नंतर त्यांत भर घातली. दरम्यान १९९८ मध्ये युरोपचा मीटिओसॅट मालिकेतला एक उपग्रह हिंदी महासागरावर आणून ठेवला गेला. तेव्हापासून आपल्या आकाशातल्या ढगांची त्याने घेतलेली छायाचित्रं सलग मिळू लागली. ढग किती पांढरा दिसतो यावरून खाली किती ऊन पोचलं असेल ते काढण्याच्या पद्धती बसल्या. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठातले रिचर्ड पेरेझ यांनी त्या कामाला मोठा हातभार लावला. त्यांची पद्धत वापरून एनआरईएलने भारताचे दहा-दहा किलोमीटरच्या चौकटींचे सौर नकाशे तयार केले.

तरीही फाइल-फाइलमध्ये फरक असतो. मीटिओनॉर्म, नासा, युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस, सोलरजीआयएस अशा वेगवेगळ्या स्रोतांतून एकाच गावाचं वार्षिक ऊन घ्या, चार-पाच टक्क्यांचा फरक सहज दिसतो. कोणाच्या मोजणीचा काळ जुना असतो, कोणी हवेतली धूळ वेगळी धरलेली असते. रिपोर्ट बनवणाऱ्याला आकडा फुगवायचा असेल, तर सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी दिसणारी जागा हीच. म्हणून पहिल्या पानावर हवामानाचा स्रोत लिहिलाय का, ते आधी पाहावं. लिहिलेला नसेल तर विचारावा.

आणखी एक गोष्ट. या फाइलमधलं वर्ष खरं वर्ष नसतं. दहा-वीस वर्षांच्या नोंदींतून सरासरीच्या सर्वांत जवळचा जानेवारी एका वर्षातून घेतात, फेब्रुवारी दुसऱ्या वर्षातून, असे बारा महिने जोडून एक ‘प्रातिनिधिक वर्ष’ रचतात. त्यामुळे २०१९ सारखा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबलेला पाऊस त्यात सापडेलच असं नाही. एखाद्या वर्षी वीज कमी आली म्हणून लगेच बसवणाऱ्याला दोष देऊ नये, आणि जास्त आली म्हणून हुरळूनही जाऊ नये.

सपाट जमिनीवरचं ऊन कळलं की ते तिरक्या पॅनेलवर उतरवायचं. पुण्याच्या अक्षांशाला पॅनेलचा तिरपेपणा अक्षांशाइतका, म्हणजे अठरा अंश किंवा किंचित जास्त ठेवला, तर वर्षाचं ऊन सपाट पृष्ठापेक्षा साधारण पाच टक्क्यांनी वाढतं. ही वाढ जवळपास सगळी हिवाळ्यातली असते. मे-जूनमध्ये दक्षिणेकडे झुकलेलं पॅनेल उलट थोडं गमावतं, आणि पावसाळ्यात ऊन चहूबाजूंनी विखुरलेलं असल्याने तिरपेपणाने फारसं बिघडत नाही. एप्रिलमध्ये चौरस मीटरवर दिवसाला सात युनिटांच्या जवळ ऊन पडतं, जुलैत ते चारच्या घरात येतं. बारा महिन्यांच्या तक्त्यात जुलै-ऑगस्टचे आकडे एप्रिलच्या बरोबरीने दाखवलेले असतील, तर तो तक्ता आपल्या गावचा नाही एवढं नक्की.

आता सावली. मला विचाराल तर संपूर्ण रिपोर्टातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित जागा ही.

पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पॅनेलही तसेच एकापुढे एक जोडून त्यांची स्ट्रिंग बनते. एकसरीतल्या या जोडणीत सगळीकडून तेवढाच विद्युतप्रवाह जातो. अरुंद वाटेवर बैलगाड्यांची रांग चालली असताना पुढची एक गाडी अडली की मागच्या सगळ्यांचा वेग तिच्यावर येतो, तसं इथे होतं. सावलीतला एकच सेल अख्ख्या रांगेला अडवू शकतो. म्हणून पॅनेलमध्ये साधारणपणे तीन बायपास डायोड बसवलेले असतात. अडलेला तिसरा हिस्सा वगळून ते प्रवाहाला वाट काढून देतात. म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या सावलीने पॅनेलची एक तृतीयांश वीज जाऊ शकते.

सॉफ्टवेअरमध्ये सावलीचा हिशेब दोन तऱ्हांनी करता येतो. एका तऱ्हेत फक्त क्षेत्रफळ धरतात: पॅनेलच्या तीन टक्के भागावर सावली, म्हणून तीन टक्के तोटा. दुसऱ्या तऱ्हेत विजेची जोडणीही धरतात, आणि मग तोच तोटा दुप्पट-तिप्पट निघू शकतो. दोन्ही रिपोर्टांवर ‘सावलीचा तोटा’ असंच लिहिलेलं असतं. तिसरी तऱ्हाही आहे आणि ती दुर्दैवाने फार आढळते: आराखड्यात सावली देणारं काहीच काढायचं नाही. गच्ची कोरी, आकाश मोकळं, तोटा शून्य.

एक उदाहरण. पुण्यातली गच्ची, पॅनेलच्या पातळीपेक्षा दीड मीटर उंच पाण्याची टाकी. बावीस डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे टाकीची सावली साधारण एक मीटर पस्तीस सेंटिमीटर लांब पडते. त्याच दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य एकोणतीस अंशांवर आणि दक्षिणेच्या बराच पूर्वेला असतो. तेव्हा सावली दोन मीटर सत्तर सेंटिमीटरपर्यंत लांबते आणि वायव्येकडे पडते. बसवणारा माणूस मे महिन्यात, भर दुपारी जागा बघायला आला असेल, तर त्याला टाकीच्या पायाशी चिमूटभर सावली दिसली असणार. हिवाळ्यातली ती लांब सावली त्याला डोळ्यांनी दिसणं शक्यच नव्हतं. गच्चीचं त्रिमितीय चित्र काढून त्यावर वर्षभराचा सूर्य फिरवण्याची सोय हेलिओस्कोप, पीव्हीसॉल, पीव्हीसिस्ट अशा सॉफ्टवेअरांत असते. तिचं मोल इथे कळतं. ती सोय वापरून टाकी दोन मीटर सरकवली किंवा पॅनेलची रांग फिरवली, तर पंचवीस वर्षांचा तोटा अर्ध्या तासाच्या कामाने टळतो.

ही सॉफ्टवेअरं आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९७५ मध्ये ट्रान्सिस नावाचा संगणक-प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो सौर उष्णतेच्या यंत्रणांसाठी होता, पण तासातासाचा हिशेब जोडत नेण्याची रीत त्याने पक्की केली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिनिव्हा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे मेर्मू यांनी पीव्हीसिस्ट लिहायला घेतलं. आज कर्ज देणाऱ्या बँका मोठ्या प्रकल्पांसाठी बहुधा त्याचाच रिपोर्ट मागतात. एनआरईएलने २००७ मध्ये ‘सॅम’ सर्वांसाठी खुलं केलं. ते फुकट मिळतं, आणि पुढे त्याचा सोर्स कोडही खुला झाला. सँडिया प्रयोगशाळेच्या कामातून वाढलेलं पीव्हीलिब पायथन ही संगणकभाषा येणाऱ्या कोणालाही वापरता येतं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं असं, की महागड्या परवान्यासाठी थांबू नये. सॅम आणि पीव्हीलिब यांच्या जोरावर घरच्या गच्चीचा हिशेब करून पाहावा. मेर्मूंच्या सॉफ्टवेअरमागचं भौतिकशास्त्र आणि या दोहोंमागचं भौतिकशास्त्र एकच आहे.

पुढची कडी उष्णतेची, आणि ती आपल्या देशात फार जड आहे. पॅनेलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला हजार वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. असा क्षण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कधीच येत नाही. तापमान एका अंशाने वाढलं की प्रचलित पॅनेलची शक्ती सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. टॉपकॉन जातीच्या नव्या पॅनेलमध्ये ही घट ०.३० टक्क्याच्या आसपास असते. सेल किती तापेल हे हवेच्या तापमानाइतकंच पॅनेलखाली वारा किती खेळतो यावरही ठरतं. पीव्हीसिस्टमध्ये त्यासाठी एक आकडा भरावा लागतो. मोकळ्या सांगाड्यावरच्या पॅनेलसाठी तो २९ धरतात, मागे थोडीच हवा खेळत असेल तर २०, आणि मागची बाजू पूर्ण बंद असेल तर १५. चाळीस अंशांची दुपार आणि ९०० वॉट ऊन धरून हिशेब केला, तर २९ ला सेल ६२ अंशांपर्यंत तापतो आणि २० ला ७२ अंशांपर्यंत. त्या घटकेला साडेतीन टक्के विजेचा फरक पडतो. कारखान्याच्या पत्र्याला टेकवलेल्या पॅनेलसाठी कोणी २९ भरून ठेवले असतील, तर रिपोर्टातल्या बाकीच्या शंभर ओळी खऱ्या असूनही उत्तर फुगलेलं राहतं.

थंडीचा धोका वेगळा आहे. पॅनेल थंड झालं की त्याचा व्होल्टेज वाढतो. मोठ्या प्रकल्पात वीस पॅनेलची एक स्ट्रिंग आहे असं धरू. प्रत्येकाचा खुला व्होल्टेज ५०, आणि अंशामागे ०.२८ टक्के बदल. पुण्याच्या पाच अंशांच्या पहाटे तो ५२.८ होतो आणि स्ट्रिंगचा १,०५६. इन्व्हर्टरची मर्यादा १,१०० व्होल्ट असेल तर निभावलं. हाच आराखडा कोणी तसाच उचलून लेहला नेला, तर उणे पंचवीस अंशांच्या सकाळी पहिलं ऊन पडताच १,१४० व्होल्ट इन्व्हर्टरच्या तोंडाशी येतात आणि तो जळू शकतो. अशा वेळी सॉफ्टवेअर लाल अक्षरांत थांबवतं. अर्थात, त्याला लेहचं किमान तापमान दिलेलं असेल तरच.

धुळीच्या रकान्यात बहुतेक जण वर्षभरासाठी सरसकट तीन टक्के ठेवून देतात. आपल्याकडे धूळ अशी सरसकट नसते. जून ते सप्टेंबर पाऊस पॅनेल धुऊन काढतो, तोटा जेमतेम एखादा टक्का. त्यानंतर मेपर्यंत आभाळातून पाण्याचा थेंब येईलच याची खात्री नसते. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पट्ट्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम याच काळात येतो, आणि बॉयलरच्या धुराड्यांतली काळी राख आसपासच्या गच्च्यांवर उतरते. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती दिसते, तशी पॅनेलवरही बसते. सॉफ्टवेअरमध्ये महिन्यागणिक वेगळा आकडा भरता येतो. कारखान्याशेजारच्या गावात हंगामाचे महिने सहा-सात टक्के धरावेत आणि पॅनेल पुसायला किती दिवसांनी कोण चढणार, ते करारात लिहून घ्यावं.

या सगळ्या कड्या जिथे एका चित्रात दिसतात, ते रिपोर्टातलं नुकसान-चित्र. वरून जाड बाण येतो आणि खाली येता येता बारीक होत जातो. पुण्यातल्या साधारण चांगल्या गच्चीचा हिशेब करून पाहू. तिरक्या पॅनेलवर वर्षाला चौरस मीटरमागे २,०५० युनिट ऊन धरू. तेवढंच ऊन एक किलोवॉट पॅनेलला मिळालं आणि कुठेच काही गेलं नाही, तर २,०५० युनिट वीज हाती येईल. काचेवरून परावर्तन तीन टक्के, राहिले १,९८८. धूळ तीन टक्के, १,९२९. सावली तीन टक्के, १,८७१. उष्णता साडेनऊ टक्के, १,६९३. पॅनेल-पॅनेलमधला फरक आणि उन्हात आल्यावरची सुरुवातीची घट मिळून चार टक्के, १,६२५. वायरी दीड टक्का, १,६०१. इन्व्हर्टर अडीच टक्के, १,५६१. बंद पडण्याचा वेळ एक टक्का, १,५४५. दिवसाला पडले ४.२ युनिट. बाजारातला चारचा ठोकताळा इथून येतो. २,०५० मधून १,५४५ म्हणजे सुमारे ७५ टक्के. या प्रमाणाला परफॉर्मन्स रेशो म्हणतात. गच्चीवरच्या प्रकल्पाला कोणी ८८ टक्के दाखवत असेल, तर त्याने कोणती कडी गाळली ते बोट ठेवून विचारावं.

बंद पडण्याच्या वेळेबद्दल थोडं जास्त. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये, यासाठी ते सक्तीचं आहे. म्हणजे भर दुपारी दोन तास वीज गेली की त्या दोन तासांचं ऊन फुकट गेलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या देशांत हा तोटा नगण्य असतो. ग्रामीण महाराष्ट्रात तो चार-पाच टक्क्यांवरही जाऊ शकतो. आपल्या फीडरवर दिवसा वीज किती वेळा जाते हे जगातला कोणताही उपग्रह सांगू शकत नाही. ते घरातल्या माणसालाच माहीत असतं, म्हणून ते आपणहून सांगावं.

एवढं करूनही आकड्यात अनिश्चितता उरते. उन्हाची मोजणी, वर्षावर्षातला फरक, पॅनेलचा दर्जा, सगळं मिळून ती सात टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणून बँका दोन आकडे मागतात. एक असा, की त्यापेक्षा जास्त वीज मिळण्याची शक्यता निम्मी आहे. दुसरा असा, की तेवढी तरी वीज दहापैकी नऊ वर्षं मिळेल. सात टक्के अनिश्चिततेला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा नऊ टक्क्यांनी कमी निघतो, आणि कर्जाचे हप्ते त्यावर बेततात. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीसारख्या १२५ मेगावॉटच्या प्रकल्पात एक टक्का म्हणजे वर्षाला वीस लाख युनिटांच्या आसपासची वीज. घरासाठीसुद्धा कमी असलेल्या आकड्यावरच परतफेडीचा हिशेब करावा असं मला वाटतं. वर जे मिळेल ते आनंदाचं.

प्रकल्प सुरू झाला की हा रिपोर्ट कपाटात टाकू नये. खरं तर त्याचा खरा उपयोग तेव्हा सुरू होतो. बारा महिन्यांच्या तक्त्याशेजारी मीटरचे आकडे लिहीत जावेत. सगळे महिने सारख्याच प्रमाणात कमी पडत असतील, तर हवामानाची फाइल फुगलेली होती किंवा वीज जाण्याचा वेळ धरलेला नव्हता. फक्त एप्रिल-मे कमी पडत असतील, तर पॅनेलखाली वारा खेळत नाही. फेब्रुवारीपासून घसरण वाढत जाऊन जूनमध्ये पहिल्या पावसानंतर एकदम भरून निघत असेल, तर कारण धूळ. एका ठरावीक दिवसापासून आकडा पायरीसारखा खाली आला आणि तिथेच राहिला, तर एखादी स्ट्रिंग तुटली आहे किंवा फ्यूज गेलाय, आणि त्यासाठी लगेच फोन करावा. फक्त डिसेंबर-जानेवारी कमी पडत असतील, तर इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये निरभ्र दिवसाचा आलेख उघडावा. तो सकाळी सावकाश चढून दुपारी गोलाकार माथा गाठतो आणि तसाच उतरतो. त्यात रोज त्याच सुमाराला खळगा पडत असेल, तर त्या वेळी गच्चीवर जाऊन सावली कोणत्या वस्तूची आहे ते पाहावं, आणि खाली येऊन ती वस्तू रिपोर्टातल्या त्रिमितीय चित्रात काढलेली होती का ते तपासावं.